आठ दिवसांची फिलिंग

८ एप्रिल, सकाळी

आणि वर डॉक्टर म्हणवून घ्यायचं! पाच महिन्याला चार दिवस कमी असताना फिलिंग पडली. सगळी. दूध-भाकरीचा घास हुता, मऊ. हाडूक न्हाई, खिळा न्हाई. खट् झालं. मला वाटलं बाजरीत खडा आला. थुंकून बघितलं तर चुन्यासारखा पांढरा तुकडा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. अजून लवंगाचा वास येतोय त्याला. दाढेत जीभ घातली तर विहीर.

मालक शेजारीच जेवत हुते. म्हणाले, ती कच्ची हुती न्हवं? मी म्हणलं, तुमी भाकरी खावा.

तुकडा काडेपेटीत ठेवलाय. पुरावा.

ही डायरी रविराजला टायरच्या दुकानात मिळाली. मागच्या वर्षाची हाय, वार जुळत न्हाईत, म्हणून छापलेला वार खोडायचा. रविराज टेम्पो चालवतो, पोराला डायरी कशाला लागती. मी चौथीपर्यंत गेलेली हाय, मला लिहिता येतं. आता रोज लिहिणार. गावात कुणाच्या तोंडात कसली फिलिंग, कवा भरली, किती टिकली. दहा तोंडं झाली की डायरी आन काडेपेटी घेऊन पाथर्डीला जायचं आन जावेच्या लेकीच्या, ज्ञानेश्वरीच्या, दवाखान्यात टेबलावर आपटायचं. बोल म्हणावं आता.

मिश्री पण आजपासून बंद. तिला बोलायला जागाच ठेवायची न्हाई.

८ एप्रिल, दुपारी

मिश्री एकदाच लावली. डबीत उरलेली टाकून कशी द्यायची. ती संपली की बंद.

९ एप्रिल

गिरणीवर गेले. बजरंगला म्हणलं, आ कर. तो म्हणला, वहिनी, दळण टाकायला आलात का मला बघायला? म्हणलं, आ कर. केलं त्यानं. तोंडात पण पीठ. वरच्या दाढेत चांदीची फिलिंग, काळी पडलीय, पण बोटानं दाबून बघितली, हलत न्हाई. अठरा वर्षं झाली म्हणला. लग्नाच्या वर्षी भरली हुती.

अठरा वर्षं! आन माझी पाच महिने. हे लाल पेनानं लिहिलंय.

तो म्हणला, चांदी बसायला वेळ घेती, डॉक्टर म्हणले हुते एक दिवस त्या बाजूनं चावू नको, मी भिऊन चार दिवस दूधभातावर काढले. हे लिहायची काय गरज न्हाई. पण लिहिलं.

घरी आल्यावर रविराजला आ करायला लावलं. त्याच्या हिरडीजवळ सिमेंटची हाय, शाळेतनं नेलं हुतं तवाची का नंतरची त्याला आठवत न्हाई. चार-पाच वर्षं धरू. खडबडीत झालीय पण जागेवर हाय. म्हणला, आई, मी गिऱ्हाइकाशी फोनवर बोलतोय, बोट काढ.

१० एप्रिल

नळावर झुंबरबाई भेटली. तिची पांढरी हाय, दातासारखी, लेक शिर्डीला हॉटेलात कामाला हाय तिनं तिकडं भरून दिली. निळा दिवा लावत्यात म्हणं तोंडात, दिवा लागला की ती जागच्या जागी घट्ट. सात वर्षं झाली. मागच्या वर्षी खारीक फोडताना कोपरा उडाला, तरी बाकीची हाय.

मी म्हणलं, बघ, सात वर्षं. आन ज्ञानीची पाच महिने न्हाई.

तर झुंबरबाई म्हणती कशी, अगं पण तुझी तर आठ दिवसाचीच हुती. सगळ्या बायकांपुढं. ती आमच्याच टोळीत हुती यंदा, उसाला, कराडकडं. हिला काय गरज हुती बोलायची.

मी घागर उचलून आले. अर्धीच भरली हुती.

डॉक्टर लोकं आठ दिवसांनी या असं सगळ्यांनाच म्हणत्यात. कोण जातं?

११ एप्रिल, सकाळी

लंकाआत्या आली हुती. आमच्या भावकीतली सासू, पासष्टीची आसंल, उसाला येत न्हाई, घर राखती. गाल धरून हुती. म्हणली, ज्ञानूकडं जाते सोमवारी, भरून येते.

मी काय वाईट मनानं बोलले न्हाई. जे झालं ते सांगितलं, काडेपेटी दाखवली. ती घाबरली. म्हणली, मग काय करू? मी लवंग ठेचून दिली आन वरनं मिश्री दाबायला सांगितली. मिश्रीनं बधिर होतं. माझीच डबी दिली. म्हणजे मिश्री सोडायला पण बरंच झालं.

११ एप्रिल, दुपारी

दुकानातनं नवी पुडी आणली. लंकाआत्याला कमी पडली तर असावी.

१२ एप्रिल, हनुमान जयंती

देवळात प्रसादाला आमी चौदा बायका बसलो हुतो. सुंठवडा कुटत कुटत विषय दातावर गेला. मी काढला न्हाई. म्हणजे काढला, पण आधी कुणीतरी सुपारीचं बोललं हुतं. काडेपेटी सगळ्यांच्या हातातनं फिरली. एकजण म्हणली, असलं पीठ भरती व्हय? दुसरी म्हणली, पाथर्डीला नकोच, नगरलाच जायचं. मी म्हणलं, नवी हाय अजून ती, शिकल. मोठ्या मनानं म्हणलं.

सुरेखा मागं बसली हुती. ज्ञानूची आई. मला दिसलीच न्हाई आधी. काडेपेटी तिच्यापर्यंत गेली, तिनं उघडली न्हाई, तशीच पुढं दिली. नंतर चपला घालताना हळूच म्हणली, जाऊबाई, ज्ञानूकडनं काय चुकलं का? मी म्हणलं, मी कुठं कुणाचं नाव घेतलं?

सुंठवडा तसाच पदरात बांधून घरी आणला. लई सुंठ घातली हुती त्यात.

१३ एप्रिल

आजपासून नळाला देवळाच्या मागनं जाणार. सुरेखाच्या ओट्यावरनं रस्ता हाय त्यात खड्डे लई.

मागनं लांब पडतं. व्यायाम होतो.

१५ एप्रिल

दाढ ठणकती. गार पाणी चालत न्हाई, गरम चालत न्हाई. मालक म्हणाले, जा की ज्ञानूकडं. मी म्हणलं, जाणारच हाय, पण भांडायला, दाखवायला न्हाई. ते म्हणाले, भांडताना तोंड उघडशीलच, ती बघंल.

उद्या नक्की. काय बोलायचं ते तयार केलंय. बजरंगचे अठरा, झुंबरबाईचे सात, रविराजचे चार, आन तुझे पाच महिने, बोल. एवढंच. मग उठून यायचं.

दहा तोंडांचं ठरवलं हुतं, चारच झाली, माझं धरून. पुरेत.

१६ एप्रिल, संध्याकाळी

गेले. रविराजनं टेम्पोनं सोडलं. रस्ताभर मनातल्या मनात पाठ केलं.

स्टँडच्या मागं वरच्या मजल्यावर हाय दवाखाना. पाटी मोठी. बाहेर सहा खुर्च्या, सहाच्या सहा रिकाम्या. मी मधल्या खुर्चीत बसले. मग उठून कडेच्या खुर्चीत बसले.

ती बाहेर आली आन वाकून पाया पडली. हे माझ्या पाठांतरात नव्हतं. म्हणली, काकू, कवाधरनं वाट बघतेय तुमची. आत नेलं, त्या वाकणाऱ्या खुर्चीत बसवलं. खुर्चीत बसलं की पाय वर आन डोकं खाली. तसं कुणाला बोलता येतं का? टेबल पण लांब. काडेपेटी आपटायची हुती, ती तिच्या हातात द्यावी लागली.

तिनं तुकडा चिमट्यानं उचलला, वास घेतला आन हसली. म्हणली, काकू, ही आजपर्यंत हुती? ऊस खाऊन? कमाल हाय. मी म्हणलं, कमाल कसली, पाच महिन्यात पडली. तर म्हणली, पंधरा दिवसात पडायला पाहिजे हुती. अर्धी तर कवाच विरघळून गेली आसंल.

मग तिनं कार्ड काढलं आन वाचून दाखवलं. बारा नोव्हेंबर. खालची उजवी दाढ. आतलं साफ केलं, औषध ठेवलं, वरनं कच्ची भरली, आठ दिवसांनी बोलावलं. त्याच्या खाली सहा तारखा. सगळ्यांपुढं एकच, फोन केला, उचलला न्हाई.

विचारलं, फडात रेंज नव्हती का काकू? मी म्हणलं, तिथं कसली आलीय रेंज.

मग समजावून सांगायला लागली, ल्हान पोराला सांगावं तसं. लवंगाच्या तेलात पूड कालवून लावली हुती, आतलं औषध राहावं आन बाहेरची घाण आत जाऊ नये एवढंच तिचं काम. म्हणली, कोपी हाय ती काकू, पाचटाची. घर न्हाई. हंगामापुरती कोपी बांधतो आपण, तिला कोण विचारतं का किती वर्षं टिकली?

मी म्हणलं, मग तवाच चांदी का न्हाई भरलीस? बजरंगची अठरा वर्षं हाय. म्हणली, आत सडकं ठेवून वर चांदी बसवली असती तर तुमी फडात तोंड सुजून पडला असता. आधी आतलं नीट, मग पक्की, मग वर टोपी. चांदी दहा-पंधरा वर्षं जाती, बजरंगकाकासारखी कुणाची जास्त. पांढरी पाच-सात, जपली तर दहा. सिमेंट चार-पाच, ते पण जिथं चावायचा भार पडत न्हाई तिथं. आन काकू, तोंड कुणाचं हाय त्यावर पण असतं. असं म्हणून माझ्या बोटाकडं बघितलं. बोट काळं हुतं. पदरात घेतलं.

फोटो काढला दाढेचा. चीर गेलीय म्हणली, वाचंल का सांगता येत न्हाई, आधी गोळ्या खावा. गोळ्या लिहून दिल्या. जाताना जिन्यापर्यंत आली. म्हणली, वस्तीवरचं कुणी फिरकत न्हाई काकू, सगळ्यांचे दात एकदम बरे झाले काय?

मी म्हणलं, सध्या शेतात कामं लई हायेत.

एप्रिलात. शेतात. ऊसतोडीला गेलेल्या घरच्या पोरीला सांगते मी हे.

डायरी पिशवीतनं काढलीच न्हाई.

१७ एप्रिल

रविराजनं काल विचारलं, काय झालं? मी म्हणलं, चांगली सरळ केली तिला. त्यानं गिरणीवर सांगितलं. बजरंगनं दळणाला आलेल्यांना सांगितलं. आज नळावर कळलं की ज्ञानेश्वरीनं चूक कबूल केली, माझे पाय धरले.

पाय तर धरलेच हुते. ते खोटं न्हाई.

१८ एप्रिल

गोळ्यांनी ठणका थांबला. मिश्री बंद केलीय, फक्त सकाळची चालू हाय.

लिहून ठेवते म्हणजे डोक्यातनं जाईल. ज्ञानू नऊ महिन्याची असताना सुरेखा उसाला आल्ती, सात-आठ हंगाम आमच्या कोपीला तिची कोपी लागून हुती. सुरेखा मोळ्या बांधायची आन पोरगी माझ्या पाठीशी. तिचे पहिले दात मीच बघितले. खाली दोन. मोळीच्या दोरीला चावत बसायची. मीच सगळ्या टोळीला बोलवून दाखवले हुते ते दात, बघा बघा म्हणून.

मग ती आश्रमशाळेत गेली, मग पुढं गेली ती गेलीच. रविराज तिच्याच वर्गात हुता. त्याला टेम्पो घेऊन दिला. टेम्पो काय वाईट न्हाई. पण डॉक्टर म्हणायला माझी जीभ रेटत न्हाई. ज्ञानीच येतं तोंडात.

हे कशाला लिहिलं काय माहीत. दाताचं लिहायचं ठरलंय.

२० एप्रिल, सकाळी

लंकाआत्याचा गाल सुजला. डोळा दिसत न्हाई एका बाजूचा. नातवानं जीपमधनं नगरला नेली, मोठ्या दवाखान्यात ठेवून घेतली.

वय झालंय तिचं. होतं असं.

२० एप्रिल, दुपारी

लवंगानं कुणाचा गाल सुजत न्हाई. मिश्रीनं पण न्हाई, माझा कुठं सुजला?

२१ एप्रिल

जेवले न्हाई. उन्हामुळं.

२२ एप्रिल

नगरला जाऊन आले, लंकाआत्याला बघायला. केळी नेली. तिला चावता येत न्हाई म्हणून केळी. सलाईन लावलंय. बोलता नीट येत न्हाई तरी शेजारच्या खाटेवरच्या बाईला माझी ओळख करून दिली. म्हणली, ही मनकर्णा, हिनं सांगितलं म्हणून मी आमच्या पोरीकडं गेले न्हाई. रागानं न्हाई बोलली. ओळख म्हणूनच बोलली. ती बाई माझ्याकडं बघत राहिली. नंतर नर्स आली, तिला पण सांगितलं. मग केरवालीला.

डॉक्टर म्हणले, आठ-दहा दिवस आधी आणलं असतं तर एका फिलिंगवर भागलं असतं.

अकरा तारखेला आल्ती ती माझ्याकडं. बोटं मोजून बघितली. डायरीत पण हाय.

ही डायरी मी ज्ञानूच्या विरुद्ध पुरावा म्हणून चालू केली. सगळी वाचली आज बसून. हिच्यात तिच्या विरुद्ध एक ओळ न्हाई.

२५ एप्रिल, संध्याकाळी

दाढ गेली. ज्ञानूनंच काढली. चीर खालपर्यंत गेली हुती, त्याच्यावर आता कायच बसलं नसतं, चांदी न्हाई, पांढरी न्हाई, काय न्हाई. पाच महिने आधी आले असते तर राहिली असती. हे ती बोलली न्हाई. मीच विचारलं, तवा मान हलवली.

सुई टोचली. एवढं काय न्हाई. या सुईला भिऊन मी... असू दे. लिहितेच. बारा नोव्हेंबरला तिनं विचारलं हुतं, टोळी कवा निघती काकू? मी म्हणलं, अजून महिना हाय. ट्रक दुसऱ्या दिवशी हुता. खरं सांगितलं असतं तर ती म्हणली असती, मग दाढ काढूनच जा. म्हणून न्हाई सांगितलं. आन फोन वाजायचा तवा नाव दिसायचं, आन मी तो पाचटाखाली ठेवायचे. सहा वेळा. रेंज चांगली हुती. झुंबरबाई शेजारी बसून रोज शिर्डीला बोलायची.

आज सगळं सांगणार हुते तिला. देवळातलं, काडेपेटीचं, लंकाआत्याचं. ठरवूनच गेल्ते. तर तिनं दाढ काढल्याबरोबर तोंडात कापूस दाबला आन म्हणली, तासभर बोलायचं न्हाई, तोंड उघडायचं न्हाई, थुंकायचं न्हाई. मला बरंच वाटलं. देवालाच नको हुतं म्हणलं.

मग ती बोलत बसली माझ्याशी. दुसरं कोण नव्हतंच बसायला. म्हणली, काकू, मी संगमनेरला चालले, तीन तारखेला, शनिवारी. तिथं एका मोठ्या दवाखान्यात ठेवून घेत्यात. इथं आपल्याच वस्तीवरचं कुणी येत न्हाई म्हणल्यावर बाकीचे तरी कशाला येतील. विचारत्यात एकमेकांना, तुझ्या गावचे जात्यात का म्हणून. माझ्या कामातच काय खोट हाय का, तुमी सांगा, तुमी मला ल्हानपणापासनं बघताय.

मी कापूस दाबून मान हलवली. आता ती मान न्हाई म्हणून हलवली का व्हय म्हणून, तिला कळलं का न्हाई देव जाणे. तिनं डोळे पुसले आन मला म्हणली, दुखतंय का काकू? डोळ्यात पाणी आलंय तुमच्या.

२६ एप्रिल

रविराज म्हणला, शनिवारचं भाडं लागलंय, संगमनेरचं. सुरेखाकाकूनं सांगितलंय. ज्ञानेश्वरीची ती वाकणारी खुर्ची न्यायचीय, दोन माणसं लागतील उचलायला. मी म्हणलं, जायचं न्हाई. म्हणला, का? मी म्हणलं, टेम्पोचं टायर खराब हाय. म्हणला, टायर नवीन टाकलंय, त्याच्यावरच तर ही डायरी मिळाली तुला.

उद्या सगळ्यांपुढं सांगणार. गिरणीवर, दळणाच्या रांगेत, रविवार हाय, गर्दी असती. मग गाव मला काय बोलायचं ते बोलू दे. तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई. तरी सांगणार.

२७ एप्रिल

सांगितलं.

नऊ बायका हुत्या. बजरंगला गिरणी बंद करायला लावली. पोत्यावर उभी राहिले न्हाई पण धरून उभी राहिले. म्हणलं, ऐका, ज्ञानूची काय चूक न्हाई. तिनं आठ दिवसासाठी कच्ची भरली हुती, मीच गेले न्हाई, फोन पण मीच उचलला न्हाई, आन लंकाआत्याला मीच अडवलं. एवढं बोलून खाली बघितलं. आता शिव्या पडणार म्हणून.

कायच न्हाई. झुंबरबाई म्हणली, हे सांगायला गिरणी बंद केलीस? आमाला फडातच ठाऊक हुतं. तूच तर ऊस सोलायचीस आन उजवीकडनं चावून दाखवायचीस, बघा, आठ दिवसाची हाय तरी हलत न्हाई म्हणून. सगळ्या हसल्या. बजरंग पण हसला. म्हणला, वहिनी, चालू करू का गिरणी?

मी विचारलं, मग माझं ऐकून पोरीकडं जायचं का थांबला? झुंबरबाई म्हणली, तुझं कोण ऐकतंय! सुईला भितो आमी. माझा कोपरा तुटल्यापासनं लेक मागं लागलीय, ज्ञानूकडं जा, ज्ञानूकडं जा. तू देवळात बोललीस, मला निमित्त सापडलं. लेकीला सांगितलं, मनकर्णाची पडली, मी न्हाई जात.

बाकीच्यांनी पण तसंच केलं म्हणं. कुणी नवऱ्याला सांगितलं, कुणी सुनेला. माझी काडेपेटी घरोघरी कामाला आली.

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. एकटी लंकाआत्या खरं धरून बसली हुती माझं. तीच खाटेवर हाय.

घरी येताना सुरेखाच्या ओट्यावरनं आले. खड्डे न्हाईत रस्त्यात. ती निवडत बसली हुती. मी थांबले. तिनं सूप सरकवून जागा केली. मी बसले न्हाई. म्हणलं, पाणी भरायचंय.

२९ एप्रिल, सकाळी ९

हे पान नीट अक्षरात लिहितेय. मोबाईलवर एवढं टाईप होत न्हाई मला, म्हणून याचा फोटो काढून ज्ञानूला पाठवायचा. रविराज म्हणला, फोटोत शेजारचं पान पण येतं. येऊ दे.

ज्ञानू,

मी मनकर्णाकाकू. शेजारच्या पानावर सत्तावीस तारखेचं हाय, ते वाचलंस तरी चालंल. चुकलं हा शब्द मी इथं चारदा लिहिला आन खोडला, तो खोडलेला वाच.

तू विचारलंस कामात खोट हाय का. माझ्या तोंडात कापूस हुता. खोट न्हाई. आठ दिवसाची तू भरलेली पाच महिने ऊस चावून राहिली, मग पक्की कसली भरत असशील तू.

मी गावातली तोंडं बघायला लागले हुते, ते तुझ्याशी भांडायला. कालपासनं परत दारोदार फिरून दहाच्या वर केली, आ करायला लावून. झुंबरबाईच्या पांढरीचा कोपरा उडालाय, वर भरून निघंल का सगळी काढावी लागंल ते तू बघ. बजरंगच्या चांदीला कडंनं फट दिसती, अठरा वर्षं झाली, आता बदलायची का, त्याला भीती वाटती विचारायची. रविराजची सिमेंटची खडबडीत. मालकांची एक हलती, ते सांगत न्हाईत, जेवताना कळतं. गिरणीवरच्या सहा जणींच्या दाढा काळ्या, त्यात दोघींच्या दुखत्यात. सुईला भित्यात सगळ्या. मी त्यांना सांगितलंय की टोचताना मी हात धरून उभी राहणार, आन पळाली तर धरून आणणार. लंकाआत्याला परवा सोडणार हायेत, तिला मी स्वतः घेऊन येते, ती सगळ्यांना सांगणार हाय की कुणी आणलं, सांगू दे.

आन माझी वरची डावी. तिथं काळं झालंय. परवाच आरशात दिसलं. तिच्यात मला कच्ची नको, पक्की पाहिजे. चांदी का पांढरी ते तू ठरव. पण चांदी पंधरा वर्षं टिकती म्हणतेस तर पंधरा वर्षं ती बघणार कोण? संगमनेरला यायला एस.टी.नं माझा दिवस जातो. मला जमणार न्हाई. फोन केलास तर आता पहिल्या वाजण्याला उचलंन.

मिश्री सोडलीय. कालपासनं.

शनिवारी सकाळी रविराजचा टेम्पो तुझ्या आईनं सांगितलाय. टेम्पो एकच हाय. त्यात खुर्ची घालून संगमनेरला न्यायची, का वस्तीवरच्या बायका भरून तुझ्या दवाखान्यात आणायच्या, ते मला कळलं पाहिजे. बायकांना तयार व्हायला वेळ लागतो. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत सांग.